फ्रान्सिस यंगहजबंड: ल्हासावर चाल करून गेलेला साधक

नकाशावेडा

३१ मार्च १९०४ रोजी तिबेटमधल्या गुरू या गावाजवळ एका दगडी भिंतीपाशी काही मिनिटांत सहाशेच्या वर तिबेटी माणसं मारली गेली. त्यांना मारणाऱ्या इंग्रजी मोहिमेचा प्रमुख त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ल्हासा सोडून परत निघाला. पहिल्या मुक्कामाला पोचल्यावर तो एकटाच डोंगराकडे चालत गेला, आणि तिथे त्याला असा काही आनंद झाला की पुढची अडतीस वर्षं तो त्याबद्दलच लिहीत, बोलत आणि सभा भरवत राहिला. सगळं जग आतून चांगुलपणानं भरलेलं आहे, यापुढे कुणाशी वैर धरणं आपल्याला शक्य नाही, असं त्याला त्या घटकेला वाटलं.

हा माणूस म्हणजे सर फ्रान्सिस यंगहजबंड. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याचे दोन तुकडे करतात. ल्हासापर्यंतचा धाडसी लष्करी गडी आणि ल्हासानंतरचा जरा सटकलेला म्हातारा. मला ही वाटणी पटत नाही. माझं म्हणणं असं की माणूस सुरुवातीपासून एकच होता. जगाच्या पोटात शिरायची ओढ त्याला होतीच, आणि ती भागवायला पैसा, रजा आणि शिपाई देणारं एकच गिऱ्हाईक त्या काळी उपलब्ध होतं: साम्राज्य. थोडं विस्तारानं लिहितो, मग हाणा.

जन्म ३१ मे १८६३, मरीचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं थंड हवेचं ठिकाण. वडील लष्करात. मामा रॉबर्ट शॉ हा काश्गर-यारकंदपर्यंत जाऊन आलेला प्रवासी. सँडहर्स्टहून बाहेर पडून १८८२ मध्ये साहेब मेरठच्या छावणीत दाखल झाले आणि कवायतीला कंटाळले. १८८६ मध्ये रजा काढून मांचुरिया पाहिला. तिथून पेकिंगला आल्यावर कर्नल मार्क बेल भेटला. बेल चीनमधून जमिनीच्या रस्त्यानं हिंदुस्थानात जाणार होता. यंगहजबंड म्हणाला, मीही येतो. बेल म्हणाला, एकाच वाटेनं दोघांनी जाण्यात अर्थ नाही, तू गोबी वाळवंटातून जा.

एप्रिल १८८७ मध्ये हा तेविशीतला पोरगा निघाला. आज ज्याला होहोट म्हणतात तिथून हामीपर्यंत उंटांबरोबर सत्तर दिवस. उन्हाच्या तडाख्यामुळे चाल बहुतेक रात्रीची. पुढे आयुष्यभर तो म्हणत राहिला की ताऱ्यांशी आपली ओळख झाली ती गोबीत. त्याच्या अध्यात्माची पहिली पायरी ल्हासाच्या सतरा वर्षं आधीची आहे, ती इथे.

यारकंदला बेलची चिठ्ठी मिळाली: नेहमीच्या काराकोरम खिंडीनं येऊ नकोस, मुस्ताग खिंड बघ. उंची सुमारे १९,००० फूट, आणि कुणाही युरोपीय माणसानं ती ओलांडलेली नव्हती. वली नावाचा बाल्टी वाटाड्या बरोबर होता. माथ्यावर पोचल्यावर खाली बघितलं तर नुसता बर्फाचा कडा. यंगहजबंडकडे गिर्यारोहणाचं कसलंही सामान नव्हतं, पायात मऊ चामड्याचे बूट. त्यानं नंतर लिहिलंय की आपला धीर सुटला होता, पण वलीकडे पाहिलं तर तो निमूटपणे कमरेला दोर बांधत होता. मग फेटे, कमरपट्टे, तट्टांचे दोर एकमेकांना बांधून, बर्फात पायऱ्या खोदत ही मंडळी उतरली. तट्टं उतरणं शक्यच नव्हतं. ती आणि लिऊ-सान हा चिनी नोकर लांबच्या वाटेनं लडाखला गेले. या प्रवासावर रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला १८९० मध्ये सुवर्णपदक दिलं.

इथून पुढे भूगोल आणि हेरगिरी यांच्यातली रेघ पुसत जाते. १८८९ मध्ये हुंझाच्या वाटा तपासायला गेला असताना यारकंद नदीच्या खोऱ्यात त्याची गाठ पडली ग्रोम्बचेव्हस्की या रशियन कप्तानाशी. दोन शत्रूपक्षांचे हेर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. दोघं एकत्र जेवले, प्यायले, हिंदुस्थानवर रशिया कधी चढाई करणार यावर मनसोक्त गप्पा मारल्या. उंच कोसॅक शिपाई बघून यंगहजबंडबरोबरचे गुरखे त्याला म्हणाले, साहेब, यांना सांगा की आम्ही पलटणीतले सगळ्यात बुटके आहोत, बाकीचे बरेच उंच आहेत. हा किस्सा सगळे सांगतात. पुढचा कमी सांगतात. निरोप घेतल्यावर यंगहजबंडनं किरगिझांमार्फत अशी व्यवस्था केली की त्या रशियनाला जिथे ना गवत ना सरपण अशा पठारावरची वाट दाखवली जावी. ग्रोम्बचेव्हस्कीचे तिथे फार हाल झाले. मैत्री खरी होती आणि दगाही खरा. (या एका प्रसंगात अख्खा यंगहजबंड आहे असं मला वाटतं.)

१८९१ मध्ये पामीरमधल्या बोझाई गुंबझला कर्नल योनोव्हनं आधी त्याला जेवायला बोलावलं आणि काही दिवसांनी परत येऊन 'हा आता रशियाचा मुलूख आहे, चालते व्हा' असं सुनावलं. लंडन आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यावरून बरीच धुसफूस झाली.

हुंझा-चित्रालच्या नोकरीत असताना त्यानं टॉलस्टॉयचं ईश्वरी राज्य माणसाच्या आत असल्याचं सांगणारं पुस्तक वाचलं. ते त्याला फार लागलं. सरकार, सैन्य, भांडवल हे सगळं पाप आहे हे त्याला पटलं, आणि तरी नोकरी सोडवली नाही. १८९५ च्या चित्राल वेढ्याची बातमीदारी 'टाइम्स'साठी केली. मग त्याच वर्तमानपत्रासाठी दक्षिण आफ्रिका, जिथे जेमसन रेडच्या (बोअरांचं ट्रान्सवालमधलं सरकार उलथवायच्या फसलेल्या प्रयत्नाच्या) कटातले निरोप केप वसाहतीचा पंतप्रधान ऱ्होड्स याच्यापर्यंत पोचवण्यात तो गुंतला. लग्न १८९७ मध्ये. पहिला मुलगा तान्हेपणी गेला, मग एक मुलगी झाली. संसार यथातथा.

१९०३ मध्ये तो इंदूरला रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. तिथून त्याला उचललं व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं. ल्हासात रशियाचं काही शिजतंय, दोर्जिएव्ह नावाचा बुर्यात भिक्षू दलाई लामा आणि झार यांच्यात ये-जा करतोय, अशा बातम्या होत्या. कर्झनची पत्रं तेराव्या दलाई लामांकडून न फोडता परत येत होती. आधी जुलै १९०३ मध्ये खांबा झोंगला बोलणी करायला गेले, तिबेटी तिथे बोलायलाच तयार नव्हते. मग आगळीक शोधणं आलं. तिबेटींनी सरहद्दीवर नेपाळी याक पळवले, हेही कर्झननं लंडनला कळवलेल्या 'शत्रुत्वाच्या कृत्यां'मध्ये होतं!

डिसेंबर १९०३. जेलेप ला ही खिंड ओलांडून हजारभर सैनिक, सुमारे दहा हजार हमाल आणि हजारो जनावरं तिबेटात उतरली. लष्करी अधिकार ब्रिगेडियर मॅकडोनल्डकडे, राजकीय यंगहजबंडकडे, आणि दोघांचं एका मिनिटाला पटत नव्हतं. मॅकडोनल्ड थंडीत मागे चुंबी खोऱ्यात (सिक्कीम आणि भूतान यांच्यामधल्या) गेला. यंगहजबंड ट्यूनाच्या उघड्या माळावर हट्टानं राहिला. जानेवारीत एके सकाळी तिबेटी बोलणारा कॅप्टन ओ'कॉनर आणि आणखी एक अधिकारी एवढ्यांनाच घेऊन, पहारा न घेता, तो थेट गुरूच्या तिबेटी तळावर गेला. समोरासमोर बसून माणसासारखं बोललं तर मिटेल अशी त्याची श्रद्धा. तिथल्या लामांनी जवळजवळ अडकवूनच ठेवलं होतं, कसाबसा परत आला.

मार्चअखेरीस भिंतीपाशी जे झालं ते असं. तिबेटी सुमारे दीड हजार, हातात जामगीच्या बंदुका आणि तलवारी, गळ्यात गोळी लागू नये म्हणून ताईत. गोळी आधी कुणी झाडायची नाही असं ठरलेलं. शीख आणि गुरखा तुकड्यांनी त्यांना तीन बाजूंनी घेरलं. मग हत्यारं काढून घ्यायला सुरुवात झाली, झटापट झाली, तिबेटी सेनापतीच्या पिस्तुलाची गोळी एका शिखाच्या जबड्यात लागली. पुढचं मॅक्सिम तोफांनी केलं. पाहणाऱ्यांनी लिहिलंय की तिबेटी पळाले नाहीत. मान खाली घालून, सावकाश चालत निघाले आणि चालताना पडत गेले. इंग्रजांच्या बाजूला मेलेलं कुणी नाही, जखमी बाराच्या आसपास. यंगहजबंडनं घरच्या पत्रात याला निखळ कत्तल म्हटलं. मोहीम मात्र पुढे चालू राहिली.

६ जुलैला ग्यांत्सेचा किल्ला पडला, ३ ऑगस्टला ल्हासा. दलाई लामा मंगोलियाकडे निघून गेलेले. दोर्जिएव्हच्या रशियन शस्त्रसाठ्याचा पत्ता नाही. ७ सप्टेंबरला पोताला राजवाड्यात करार झाला: ७५ लाख रुपये दंड, वर्षाला एक लाख याप्रमाणे ७५ वर्षं, आणि तोवर चुंबी खोरं इंग्रजांकडे. निघताना गांदेन मठाचे प्रमुख लामा टी रिंपोछे यांनी त्याला एक लहानशी बुद्धमूर्ती दिली. ती त्यानं मरेपर्यंत जवळ ठेवली. आणि मग ती डोंगरावरची संध्याकाळ.

नंतरचं भराभर सांगतो. लंडननं कराराच्या मोठ्या भागावर बोळा फिरवला. १९०६ ते १९०९ काश्मीरचा रेसिडेंट. १९११ मध्ये बेल्जियममध्ये मोटारीखाली आला, महिनोन्महिने अंथरुणाला खिळला, आणि पुढच्याच वर्षी 'विदिन' हे पुस्तक आलं, ज्यात बाहेर बसून जग चालवणारा देव त्यानं निकालात काढला. पहिल्या महायुद्धात 'फाइट फॉर राइट' चळवळ. १९१९ पासून रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष आणि एव्हरेस्ट समितीचा प्रमुख. १९३६ मध्ये लंडनला जागतिक धर्मपरिषद. ३१ जुलै १९४२ ला डॉर्सेटमध्ये मृत्यू. ती बुद्धमूर्ती शवपेटीवर ठेवली होती, आणि थडग्याच्या दगडावर ल्हासा कोरलेलं आहे.

तर मंडळी, त्या डोंगरावरच्या अनुभवाचं करायचं काय?

---

सह्यवेडी

मुस्तागचा भाग दोनदा वाचला. आम्ही ढाकच्या बहिरीला चांगले दोर, हार्नेस घेऊन जातो तरी तोंडचं पाणी पळतं. फेट्यांचा दोर करून १९,००० फुटांवर बर्फाचा कडा! पण पदक कुणाला, तर ज्याचा धीर सुटला होता त्याला. वलीचं पुढे काय झालं?

---

नकाशावेडा

@सह्यवेडी, बाल्टी लोकांपैकी काही कुटुंबं यारकंदकडे जाऊन वसली होती, वली त्यातला. ही वाट त्यानं बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलेली होती, आणि आठवणीवर त्यानं सगळ्यांना पार केलं. यंगहजबंडच्या बाजूनं एक सांगायला हवं, 'द हार्ट ऑफ अ काँटिनेंट' या १८९६ च्या पुस्तकात त्यानं श्रेय उघडपणे वलीला दिलंय. त्या काळचे बरेच साहेब 'एक स्थानिक' म्हणून मोकळे व्हायचे.

---

शंकासुर

लेख छान, निष्कर्ष अमान्य.

सहाशे माणसं मारून, राजधानीत शिरून, ७५ लाखांचं बिल फाडून बाहेर पडल्यावर कुणालाही जग सुंदरच दिसणार. संध्याकाळ, मोकळी हवा, काम फत्ते, खिशात करार. याला साक्षात्कार म्हणायचं? मला तर तो विजेत्याचा सुटकेचा निःश्वास वाटतो. यानंतर वैर धरणं शक्य नाही म्हणे. धरायला उरलं कोण होतं?

आणि याक. याकांवरून युद्ध! आपल्या गावात बांधावरून होतात ती भांडणं फारच सुसंस्कृत म्हणायची.

---

पूर्वाश्रमीचा_कारकून

शंकासुरांच्या 'काम फत्ते' ला एक दुरुस्ती. काम फत्ते झालेलं नव्हतं, आणि हे त्याला त्या संध्याकाळी माहीत होतं.

फाइल बघा. कर्झन तेव्हा रजेवर इंग्लंडात, इथे हंगामी व्हाइसरॉय ॲम्पथिल. लंडनमध्ये भारतमंत्री ब्रॉड्रिक, जो कर्झनचा जुना मित्र आणि आता खार खाऊन असलेला. रशियाला दुखवायचं नाही म्हणून सूचना होत्या की दंड झेपेल एवढाच लावा, तिबेटात ठाण मांडू नका. ७५ वर्षांचे हप्ते म्हणजे ७५ वर्षं चुंबीचा ताबा, हे सरळसरळ सूचनेविरुद्ध. करारात फेरबदल करा अशी तार ल्हासात पोचली होती. यंगहजबंडनं ठरवलं की आता थांबून परत बोलणी उकरली तर तिबेटींचा विश्वास जाईल, आणि २३ सप्टेंबरला गाशा गुंडाळला. पुढे दंड २५ लाखांवर आला, चुंबीचा ताबा तीन वर्षांवर, आणि ग्यांत्सेच्या व्यापारी प्रतिनिधीला ल्हासात जाता येईल हे कलम रद्दच. किताब मिळाला तो के.सी.आय.ई., म्हणजे अशा कामगिरीला मिळायचा त्याहून खालचा. वरिष्ठांचा राग काढायची ती रीत आजही बदललेली नाही.

म्हणजे डोंगरावर गेलेला माणूस वरच्यांचा हुकूम मोडून आलेला होता. मोकळं वाटण्याचं ते एक कारण असेल, नोकरीत आयुष्य गेलेल्यांना कळेल!

---

माळव्याची_माती

इंदूरचा उल्लेख वाचून राहवलं नाही. आम्ही पिढीजात इंदूरकर. रेसिडेन्सी कोठी आणि तिच्या आजूबाजूचा रेसिडेन्सी एरिया ही नावं इंदुरात आजही रोजच्या बोलण्यात आहेत, पण तिथे राहिलेल्या साहेबांपैकी एक ल्हासावर गेला हे पन्नासात एकाला माहीत असेल.

तो काळ होळकरशाहीतला मोठा अवघड. १९०३ च्या जानेवारीअखेरीस शिवाजीराव होळकरांनी गादी सोडली आणि बारा वर्षांचे तुकोजीराव तिसरे गादीवर आले. शिवाजीराव लहरी होते हे खरंच, आमच्या घरी त्यांच्या लहरींच्या कथा चवीनं सांगितल्या जायच्या. पण 'लहरी राजा' हा शिक्का रेसिडेन्सीला फार सोयीचाही होता. राजा अल्पवयीन म्हणजे कारभार रेसिडेंटच्या देखरेखीखाली. तिबेटला जाण्याआधी यंगहजबंडनं जे काम केलं ते हे. बंदूक न उडवता दुसऱ्याच्या घरात बसायचं.

---

हवालदार_निवृत्त

त्या उंचीवर नोकरी केलेली आहे म्हणून लिहितो. ट्यूना साधारण पंधरा हजार फुटांवर आहे. जानेवारीत तिथे तंबूत राहायचं म्हणजे रायफलीचं तेल गोठतं, बोल्ट सरकत नाही. त्या मोहिमेत मॅक्सिमच्या पाण्याचे तेच हाल होते. लढाईत गेले त्यापेक्षा थंडीनं आणि आजारानं जास्त गेले, आणि त्यात हमाल सगळ्यात पुढे. कारो लाची चकमक सोळा हजार फुटांच्या वर झाली, इतक्या उंचीवर त्याआधी कुठलं सैन्य लढल्याचं ऐकिवात नाही.

गुरूबद्दल. गोळ्या झाडणारे बरेचसे शीख पायोनियर आणि गुरखे, म्हणजे आपलीच माणसं. मॅक्सिमवर मात्र इंग्रज नॉरफोक पलटण होती. तिथला अधिकारी हॅडो यानं लिहून ठेवलंय की ती कत्तल बघून त्याला इतकी शिसारी आली की त्यानं मारा थांबवला, जनरलचा हुकूम जास्तीत जास्त मारायचा असताना. नंतर त्याच फौजेच्या इस्पितळात तिबेटी जखमींवर उपचार झाले. तिबेटींना ते कोडं पडलं होतं: आधी मारता, मग मलमपट्टी करता?

---

लामणदिवा

तिबेटी ऐकत नव्हते, पत्रं फोडत नव्हते, हे सगळे लेखक 'आडमुठेपणा' म्हणून सांगतात. मागचं कारणही यायला हवं. शरच्चंद्र दास १८७९ आणि १८८१ मध्ये विद्वान यात्रेकरू म्हणून तिबेटात गेले, आणि माहिती गोळा केली इंग्रजांसाठी. हे उघड झाल्यावर त्यांना आसरा देणाऱ्या सेंगचेन लामांना ल्हासाच्या सरकारनं नदीत बुडवून मारलं. दास दार्जिलिंगला परत येऊन कोश लिहीत सुखानं जगले. यानंतर पुस्तक-माळ घेऊन येणाऱ्या पाहुण्यावर तिबेटींनी विश्वास का ठेवावा?

त्यामुळे यंगहजबंडनं बिनपहाऱ्यानं तळावर जाणं मला तितकंसं भाबडं-गोड वाटत नाही. मनानं तो बोलायला गेला असेल. मागे मॅक्सिम होत्याच. ज्याच्यामागे मॅक्सिम आहे त्याला समोरासमोर बसायची हौस परवडते.

---

टवाळ_पण_निष्पाप

सगळे फार गंभीर झालेत. त्याच्या १९२७ च्या 'लाइफ इन द स्टार्स'बद्दल कुणीच बोलेना? त्यात साहेबांनी अल्टेअर ताऱ्याजवळच्या ग्रहावर आरपार दिसणाऱ्या अंगाची, आपल्यापेक्षा फार पुढारलेली माणसं राहतात असं लिहिलंय. म्हणजे गोबीत ताऱ्यांशी ओळख झाली ती चांगलीच वाढली म्हणायची. बरं झालं अल्टेअरला रेसिडेंट नेमायची वेळ आली नाही.

---

नकाशावेडा

@टवाळ 😀

ते पुस्तक मी मुद्दाम टाळलं होतं, कारण ते एकदा आलं की लोक बाकी सगळं हसण्यावारी नेतात. पण बारकाईनं बघाल तर त्या परग्रहावरही त्याला दिसतो तो एक श्रेष्ठ पुढारी आणि त्याच्या मागे आनंदानं चालणारे बाकीचे. अध्यात्म कितीही उंच गेलं तरी साहेबाच्या डोक्यातली उतरंड काही मोडत नाही. कुणीतरी वर, कुणीतरी खाली, आणि वरचा फार प्रेमळ.

@शंकासुर, विजेत्याचा निःश्वास असता तर आठवड्याभरात ओसरला असता. यानं त्यावर उरलेलं आयुष्य लावलं. पदव्या, निवृत्तिवेतन, नावलौकिक सगळं असताना क्लबात हसं करून घेतलं.

---

शंकासुर

आयुष्य लावलं हे मान्य. पण कशासाठी? १९१० मध्ये 'इंडिया अँड तिबेट' लिहिलं त्यात मोहिमेचं समर्थनच आहे. ज्याला यापुढे वैर शक्य नाही तो १९१५ मध्ये 'फाइट फॉर राइट' काढून लढाई न्याय्य आहे हे लोकांच्या मनावर ठसवायला निघतो. या चळवळीसाठीच १९१६ मध्ये संगीतकार ह्यूबर्ट पॅरीनं कवी ब्लेकच्या 'जेरुसलेम'ला चाल लावली. वर्षभरात पॅरीला त्या चळवळीचा युद्धज्वर सोसेना, त्यानं अंग काढून घेतलं आणि गाणं मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या हवाली केलं. संगीतकाराला जे वर्षात कळलं ते साक्षात्कारी पुरुषाला कळलं नाही.

---

लामणदिवा

आपल्याकडे अनुभवाला कुणी 'खोटा' म्हणत नाही, त्याची परीक्षा पुढच्या वागण्यावर होते. त्या हिशेबानं शंकासुरांचा मुद्दा वजनदार आहे. पण वागणं फक्त १९१० आणि १९१५ चं का धरायचं? १९३० मध्ये त्यानं हिंदी आकांक्षांच्या बाजूनं 'डॉन इन इंडिया' लिहिलं. १९३७ च्या मार्चमध्ये पंचाहत्तरीकडे झुकलेला हा माणूस रामकृष्ण परमहंसांच्या जन्मशताब्दीच्या धर्मपरिषदेसाठी कलकत्त्याला आला. टागोरही त्या परिषदेत बोलले होते. काश्मीरच्या रेसिडेंटला ते अंगाबाहेरचं होतं.

---

बडोद्याचा_वड

धर्मपरिषदेवरून एक धागा आपल्या घरात येतो तो कुणी पकडला नाही. १९३६ च्या लंडनच्या परिषदेचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष होते आमचे सयाजीराव महाराज! यंगहजबंड ब्रिटिश समितीचा प्रमुख. राधाकृष्णन, जपानचे सुझुकी, अब्दुल्ला युसुफ अली अशी मंडळी बोलायला.

गंमत अशी की १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे एकदाच मान लववून महाराज पाठ फिरवून गेले म्हणून केवढा गहजब झाला होता, आणि क्रांतिकारकांना आसरा देतात असा संशय पोलिटिकल खात्याला (रेसिडेंट नेमणारं, संस्थानांवर नजर ठेवणारं इंग्रज खातं) वर्षानुवर्षं होता. त्याच खात्यात मुरलेला माणूस पंचवीस वर्षांनी महाराजांना अध्यक्षस्थानी बसवतो. महाराज १९३३ मध्ये शिकागोच्या धर्मसंमेलनालाही गेले होते, त्यामुळे नाव शोभेचं होतं असं समजू नका. यंगहजबंडचा नियमही चांगला होता: सगळे धर्म एक करायचे नाहीत, कुणी कुणाला बाटवायचं नाही, आपापल्या जागी राहून एकमेकांचं ऐकायचं.

---

माळव्याची_माती

@बडोद्याचा_वड, 'आपापल्या जागी राहून' हे रेसिडेन्सीतही सांगायचे हो. 😉

---

सह्यवेडी

एव्हरेस्टबद्दल कुणीतरी लिहा ना. १८९३ मध्ये चित्रालला चार्ल्स ब्रूसनं यंगहजबंडजवळ एव्हरेस्ट चढायची कल्पना काढली होती असं वाचलंय. मग अध्यक्ष झाल्यावर यानं ती तडीस नेली: १९२१ ची पाहणी, १९२२, १९२४. पण १९२१ ला परवानगी कुणी दिली? तर तेराव्या दलाई लामांनी, ज्यांना याच्याच फौजेमुळे ल्हासा सोडावं लागलं होतं. इंग्रज अधिकारी चार्ल्स बेलनं (गोबीवाला मार्क बेल वेगळा) ल्हासात जाऊन रदबदली केली म्हणून. यंगहजबंडच्या दृष्टीनं एव्हरेस्ट म्हणजे माणसाच्या आत्म्याची झेप वगैरे. १९२२ मध्ये हिमप्रपातात सात हमाल गेले, त्यांच्या झेपेबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. पुन्हा वलीच.

---

उत्तरवाट

याच्याशी जोडी लावायला निकोलाय रोरिक हवा. चित्रकार, गूढवादी, मध्य आशियाचा प्रवासी आणि लेखक, आणि राजकारणात गळ्यापर्यंत. नग्गरला (कुलू) त्याचं घर आहे, मनालीला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल. त्याच्या मुलाचं लग्न देविका राणीशी झालं. १९२७ च्या हिवाळ्यात तिबेटींनी त्याचा काफिला चांगथांगच्या पठारावर महिनोन्महिने अडकवून ठेवला, माणसं-जनावरं दगावली. अडवण्यामागे हात होता सिक्कीमच्या पोलिटिकल ऑफिसर बेलीचा, ज्याला रोरिक सोव्हिएत हस्तक वाटत होता. आणि हा बेली १९०४ मध्ये कोवळा अधिकारी म्हणून यंगहजबंडच्या मोहिमेत होता! एक गूढवादी ल्हासात तोफा घेऊन पोचला, दुसरा चित्रं घेऊन निघाला तर त्याला वाटेतच थिजवला.

फरक एवढा की रोरिक स्वतःच राज्य स्थापायची स्वप्नं बघत होता. यंगहजबंडला राज्य तयार मिळालेलं होतं.

---

हवालदार_निवृत्त

ल्हासातून काय काय आणलं त्याबद्दलही लिहायला हवं. वॅडेल नावाचा डॉक्टर मोहिमेबरोबर अधिकृत संग्राहक होता. चारशेच्या वर खेचरांवर लादण्याइतक्या पोथ्या, मूर्ती, चित्रं त्यानं जमवली. ती कलकत्ता आणि इंग्लंडातल्या संग्रहालयांत वाटली गेली. टी रिंपोछेंनी दिलेली मूर्ती ही भेट, बाकीच्यांना काय म्हणायचं?

---

पूर्वाश्रमीचा_कारकून

या सगळ्याचं शेपूट आपल्या दारात आहे, ते सांगून थांबतो. १९०४ मुळे इंग्रजांना यातुंग, ग्यांत्से, गार्तोक इथे व्यापारी ठाणी मिळाली. पुढे १९०६ मध्ये चीनशी आणि १९०७ मध्ये रशियाशी करार करून इंग्रजांनी तिबेटवरचा चीनचा वरचष्मा मान्य करून टाकला. फौजेनं हादरवून सोडलेला देश चीनच्या पदरात टाकल्यासारखंच झालं. १९१० मध्ये चिनी सैन्य ल्हासात शिरलं आणि तेच दलाई लामा यावेळी पळून हिंदुस्थानात, दार्जिलिंगला आले.

१९४७ ला ही ठाणी, ग्यांत्से-यातुंगची लष्करी शिबंदी, तार आणि टपाल हे सगळं वारशानं स्वतंत्र भारताकडे आलं. २९ एप्रिल १९५४ च्या कराराने, म्हणजे पंचशील ज्याच्या प्रस्तावनेत आहे त्या कराराने, भारतानं शिबंदी काढून घेतली आणि टपाल, तार, टेलिफोन, बारा विश्रामगृहं चीनला देऊन टाकली. नेहरूंवर टीका करणारे आणि त्यांची बाजू घेणारे दोघंही इथपर्यंत येऊन भांडतात. मूळ दस्तऐवजाखाली सही कुणाची होती हे दोघंही बघत नाहीत. ग्यांत्सेच्या किल्ल्यात आता चिनी सरकारनं इंग्रजविरोधी लढ्याचं स्मारक केलंय. १९०४ ची आठवण चीनला फारच कामाची पडते.

---

शंकासुर

कारकूनसाहेब, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. इथे दबून जाईल.

नकाशावेडा, तुमच्या 'एकच माणूस' या मुद्द्यावर मी आता अर्धा सहमत आहे. एकच माणूस होता म्हणूनच जास्त राग येतो. दोन असते तर एकाला सोडून देता आलं असतं.

---

नकाशावेडा

@शंकासुर, अर्धा म्हणजे बरंच झालं.

@उत्तरवाट, रोरिकवर तुम्हीच लिहा, नग्गरच्या फोटोंसकट. @हवालदार, वॅडेलच्या खेचरांचा धागा मी काढतो, पण त्यातली चित्रं-पोथ्या आज कुठल्या संग्रहालयात कुठे आहेत हे आधी जुळवतोय, त्याला वेळ लागेल. तोवर 'द हार्ट ऑफ अ काँटिनेंट' वाचा असं सगळ्यांना सुचवेन. स्वामित्वहक्क संपलेला आहे, जालावर फुकट मिळतं, आणि मुस्तागचं प्रकरण तरी चुकवू नका.